चलथाणला सोडलेली गाठ

१९९६ साल. मी चाळीस वर्षांचा होतो, आणि ट्रेलरवर मोटरसायकल बांधण्यात सुरतेत माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे मीच सांगतो आहे, कारण ज्यांनी माझं काम पाहिलं त्यातले बरेच गेले, आणि जे आहेत ते आपणहून सांगणार नाहीत.

इथल्या मराठी मंडळाची माणसं घरी आली, दिवाळी अंकासाठी काही सांगा म्हणाली. काका तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, जमणार नाही. माझं मी लिहीन. चौथीत शाळा सोडली म्हणून हात काही मोडला नाही. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघा, पण माझं वाक्य हलवलंत तर कागद परत घेऊन जाईन. बांधलेल्या मालाला दुसऱ्याने हात लावलेला मला आवडत नाही. का आवडत नाही, तेच आता सांगतो.

माझं मूळ गाव धुळे जिल्ह्यात. सुरतेला आलो तो सगळ्यांसारखा लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावरच आलो. पण लूमच्या आवाजात माणूस स्वतःचं ऐकू शकत नाही, आणि मला स्वतःचं ऐकायची सवय. म्हणून ते सोडलं, गॅरेजात हात काळे केले, मग एक जुनी जीप घेतली आणि भेस्तानच्या एका लोहाराकडून तिला जोडायला दोन चाकांचा ट्रेलर बनवून घेतला. आपल्या खान्देशातल्या लोकांना तेव्हा सुरतेत जुनी मोटरसायकल बरी मिळायची. घ्यायची इथे आणि चालवायची गावाला. पण घेणारा असतो लूमवाला. त्याला गल्लीत चालवता येते. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर असा ट्रकांचा रस्ता त्याला झेपत नाही. रेल्वेत टाकायची तर टाकी रिकामी करा, पोत्यात गुंडाळा, आणि उतरताना आरसा कुठे आहे ते शोधा. मग लोक माझ्याकडे यायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडी ट्रेलरवर चढवली, दोरी गुंडाळली, झालं. तसं नसतं. पहिली गोष्ट, गाडी स्टँडवर उभी करून न्यायची नाही. सगळे हेच करतात, कारण घरी ती स्टँडवर छान उभी राहते. पण घर हलत नाही. ट्रेलर उडतो, गाडीचं सगळं वजन त्या स्टँडच्या दोन बारीक पायांवर आपटतं, आणि पाय वाकतो किंवा तुटतो. गाडी तिच्या चाकांवरच उभी पाहिजे. पुढचं चाक ट्रेलरच्या पुढच्या फळीला टेकवायचं, दोन लोखंडी पट्ट्यांच्या मधल्या खाचेत घट्ट बसवायचं, म्हणजे ते डावी-उजवीकडे वळत नाही. मग पुढच्या दोन दोऱ्या. त्या हँडलच्या मुठींना बांधायच्या नाहीत, मूठ फिरते. हँडलच्या खाली, जिथे पुढचे दोन दांडे धरलेले असतात, तिथून दोऱ्या काढायच्या आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांना पुढे आणि खाली ओढायच्या. किती ओढायच्या? पुढचे शॉकअप अर्धे दबेपर्यंत. पूर्ण दाबले तर त्यांचं तेल बाहेर येतं. दाबलेच नाहीत तर पहिल्या खड्ड्यात ते दबतात, दोरी सैल पडते आणि गाडी नाचायला लागते. अर्धे दाबले की स्प्रिंग सारखी वर ढकलत राहते, दोरी सारखी खाली ओढत राहते. त्या भांडणात गाडी उभी राहते. मग मागच्या दोन दोऱ्या, त्या मागे आणि खाली. गाडी पहिल्या गिअरमध्ये, पेट्रोलचा कॉक बंद. दोरी जिथे रंगाला घासते तिथे चिंध्या. साडीच्या चिंध्यांना सुरतेत तोटा नाही. माझ्या ट्रेलरवरच्या गाड्या रेशमात बसून गावाला गेल्या असं मी म्हणायचो.

आणि शेवटची गोष्ट, चलथाणला थांबायचं. भेस्तानहून निघालं की थोड्याच वेळात चलथाण येतं, साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की समजायचं. तेवढ्या रस्त्यात दोऱ्या बसतात, चिंध्या दबतात, सगळं थोडं सैल होतं. तिथे उतरून प्रत्येक दोरी पुन्हा ओढायची. मागे उसाच्या गाड्या भोंगे वाजवू देत, ड्रायव्हर शिव्या देऊ देत. मी चलथाणला थांबलो नाही असं एकदाही झालं नाही.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एकाला गाडीवर बसूनच यायचं होतं. म्हणे, नवी गाडी रिकामी जाऊ नये. त्याला सांगितलं, मग तुलाही बांधावं लागेल, तोंडासकट. तो जीपमध्ये बसला. एका म्हाताऱ्याने हँडलला एवढ्या लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या की दोरी बांधायला जागा नव्हती. हजीऱ्याच्या कारखान्यात क्रेन चालवणारा एक विदर्भातला माणूस मात्र माझ्या लक्षात राहिला आहे. त्याने ट्रेलरभोवती एक फेरी मारली, कशाला हात लावला नाही, आणि म्हणाला, "आता मी झोपू शकतो." आणि जीपमध्ये बसून खरंच झोपला. तसं सर्टिफिकेट मला दुसऱ्या कोणी दिलं नाही.

आता दाजींची गोष्ट.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नाव आत्माराम. उधन्याकडे एका लूमच्या कारखान्यात मास्टर होते. धिप्पाड माणूस, आवाज लूमवरून ऐकू जाईल असा. सुरतेत आमचं येणं-जाणं होतं, पण आमच्या गावाला दाजी पाऊल टाकत नव्हते, आणि अक्कालाही टाकू देत नव्हते. कारण काय, तर माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर झाला, तेव्हा पहिला मान मोठ्या जावयाचा असताना तो भलत्याच पाव्हण्याला दिला गेला. गर्दीत चूक झाली. दाजी मांडवातून उठले, पायात चपला घातल्या आणि निघाले. मांडव त्यांनीच बांधला होता, हेही सांगितलं पाहिजे. आमच्या घरात मांडवाच्या गाठी जावई बांधतो, आणि जावयाने बांधलेली गाठ साल्याने सोडायची नसते. लग्न उरकलं तरी तो मांडव बरेच दिवस तसाच उभा होता, सोडणार कोण? शेवटी पावसाने पाडला.

तेव्हापासून अक्का आखाजीला माहेरी आली नव्हती. खान्देशाबाहेरच्या वाचकाला सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिची वाट जास्त पाहतात, कारण सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात. माझी आई प्रत्येक आखाजीला शेजारपाजारच्या लेकी मोजायची आणि मला म्हणायची, "सगळ्या उन्यात रे भाऊ, मन्ही नही उनी." सगळ्या आल्या, माझी नाही आली. मी दाजींना एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुझ्या गावाला मी पायी येणार नाही." मी म्हटलं, बसने या. त्या विनोदाचा उपयोग झाला नाही.

आणि त्या वर्षी दाजींनी मोटरसायकल घेतली. जुनी, जड, काळी. मला बोलावून म्हणाले, "गोरख, ही तुझ्या ट्रेलरवर टाक. आखाजीला येतो. गावाच्या फाट्यावर उतरवायची. तिथून तुझी बहीण मागे बसेल आणि मी चालवत तुमच्या दारात येणार." मी हो म्हटलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात लाटणं होतं, आणि ती ते पदराने पुसत होती. स्वच्छ लाटणं किती वेळ पुसावं माणसाने!

निघायच्या दिवशी सकाळी दाजी आणि अक्का भेस्तानला माझ्या गल्लीत आले. मी गाडी ट्रेलरवर चढवली, पुढचं चाक खाचेत बसवलं, आणि डबा घेऊन डिझेल आणायला गेलो. शेजारी धरायला होते. परत येऊन पाहतो तर दाजी ट्रेलरवर उभे, हात कमरेवर.

"बघ," म्हणाले, "पुढच्या दोन्ही मी बांधून टाकल्या. आता मागच्या तू बांध, म्हणजे तुला वाईट वाटायला नको."

मी गाठ बघितली. दोरी कडीतून काढून तिची दोन टोकं एकमेकांना सांधली होती, लूमवर तुटलेला धागा सांधतात तशी. छोटीशी, चपटी, सुबक गाठ. दाजींचा हात त्या गाठीत असा चालायचा की नवीन कामगार बघत राहायचे. पण ती गाठ खळ लागलेल्या धाग्याची. खळीचा धागा खरखरीत असतो, एकमेकांना धरतो. माझी दोरी नायलॉनची, जाड, गुळगुळीत. त्यावर ती गाठ नुसता ताण असला तर बसते, पण हिसके बसायला लागले की टोक थोडं थोडं आत सरकतं. दिसत नाही, आणि एकदम सुटते.

"दाजी, ही कोणती गाठ?"

"आमची. या गाठीवर अख्खी दुनिया साड्या नेसते."

"साडीला चालते. गाडीला नाही चालत."

"का? गाडीची काय जात वेगळी आहे?"

"गाडीची नाही, दोरीची आहे. सोडा ती, मी फास टाकतो."

सोडा म्हटलं आणि दाजींचा चेहरा फिरला. गल्लीत दहा माणसं उभी. त्यांच्या कारखान्यातले दोघे त्यांना निरोप द्यायला आलेले. कोपऱ्यावर चहाची लारी, म्हणजे हातगाडी, लावणारे रमणभाई लारी सोडून बघायला आले.

"शुं थयुं?" रमणभाई.

"काही नाही," दाजी म्हणाले, "आमचे साले म्हणतात, मला गाठ मारता येत नाही."

"असं कुठे म्हटलं मी?"

"मग काय म्हटलंस? बोल ना मोठ्याने."

मी सोडू शकत नव्हतो. जावयाची गाठ, तीही दहा माणसांसमोर. आणि तशीच ठेवून निघू शकत नव्हतो. मधला रस्ता एकाने सुचवला, ती राहू दे, शेजारून तुझी एक बांध. पण ताण न घेणारी दोरी मी ट्रेलरवर ठेवत नाही. सुटलेलं टोक चाकात जातं, आणि मग सगळंच जातं. मी ट्रेलरच्या दांड्यावर बसलो. दाजी लारीच्या बाकावर बसले. कोणी कोणाकडे बघेना.

अक्का जीपमध्ये बसली होती. मी डिझेलला जाताना तिला म्हटलं होतं, उतर, उन्हात कशाला बसतेस? उतरली नाही. तिच्या पायाशी पत्र्याची ट्रंक, मांडीवर आईसाठी घेतलेलं लुगडं. उतरली तर जाणं रद्द होईल असं तिला वाटत असावं. इतका वाद झाला, ती जागची हलली नाही. फक्त माझ्याकडे बघत होती. त्या बघण्याचं मी काय करू?

मी उठलो. म्हटलं, "दाजी, माझी एक परीक्षा आहे. प्रत्येक गाडीची घेतो. तुम्हीच हँडल धरून हलवा. गाडी हलली तर बांधलेली नाही. गाडीबरोबर ट्रेलर हलला तर बांधलेली आहे."

मी मागच्या दोन दोऱ्या माझ्या पद्धतीने ओढून दिल्या. दाजी चढले. दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि असं हलवलं की जीपमध्ये अक्का हलली. ट्रेलर करकरला. गाडी ट्रेलरला चिकटून होती.

टाळ्या पडल्या. रमणभाई म्हणाले, "गोरखभाई, तमे तो हारी गया!" आणि सगळ्यांना चहा दिला. उभ्या जागी ती गाठ धरणारच होती. हिसके रस्त्यावर असतात, गल्लीत नसतात. हे मला परीक्षा घेण्याआधी सुचायला पाहिजे होतं, पण माझी परीक्षा मलाच नापास करील असं कोणाला वाटेल? बोललो होतो, आता शब्द फिरवता येत नव्हता. जीप सुरू केली.

मी आयुष्यात कधी एवढी हळू चालवली नाही. दाजींच्या बाजूचा आरसा मी माझ्याकडे फिरवून घेतला, त्यात पुढची डावी दोरी दिसायची. रस्त्याला बघ, आरशात बघ. उसाच्या गाड्या आम्हाला मागे टाकून जाऊ लागल्या.

"बैलगाडी हाकतोस का?" दाजी म्हणाले.

"जड माल आहे."

"माल जड आहे की मन?"

मी आरशात बघितलं. मागून अक्का म्हणाली, "हळूच चालव रे भाऊ, मले काय घाई नही." मला काही घाई नाही. इतकी वर्षं जिने वाट पाहिली तिने हे म्हणावं!

मळीचा वास आला. कारखान्याच्या थोडं पुढे माझी नेहमीची जागा होती, रस्त्याच्या कडेला सपाट. तिथे थांबलो.

"आता काय?" दाजी.

"चलथाणला मी थांबतोच. सगळ्यांच्या दोऱ्या बघतो."

"तुझ्या बघ. माझ्या बघायची गरज नाही." त्यांनी विडी काढली आणि तोंड रस्त्याकडे केलं.

मी मागे गेलो. अक्काही उतरली, सकाळपासून पहिल्यांदा. आम्ही दोघं ट्रेलरपाशी उभे राहिलो. निघताना गाठीबाहेर वीतभर टोक होतं, ते आता बोटभर उरलं होतं. दुसऱ्या बाजूचं त्याहून कमी. गाडीचं तोंड थोडं वर आलं होतं, म्हणजे शॉकअप मोकळे होत होते. बारडोलीपर्यंत पोचली नसती. मागे बस असती, सायकलवाला असता, कोण असतं देव जाणे.

अक्का लग्नानंतर बरीच वर्षं घरी धाग्याच्या बॉबिन भरायची. तिला गाठ समजावून सांगावी लागत नाही. ती वाकली, टोकाला हात लावला, आणि हळू आवाजात म्हणाली, "हाई तं जाई राह्यनं."

"हो. सुटते आहे."

"तुले आधीच समजनं व्हतं."

"हो."

"मग?"

"मग काय? मी सोडली तर दाजी इथूनच तुला घेऊन परत जातील. आणि नाही सोडली तर गाडी रस्त्यावर पडेल, मग परत जातीलच."

ती जीपकडे बघत राहिली. दाजींची पाठ दिसत होती, विडीचा धूर दिसत होता. मग तिने पदर खोचला.

"दाब," म्हणाली.

"काय?"

"हँडल दाब खाले. गाठ मी सोडसु. मन्हा नवरानी गाठ शे, मी सोडी तं मान जात नही. तू हात लावू नको."

मी हँडलवर सगळं वजन टाकलं. तिने अंगठ्याच्या नखाने गाठीचा वरचा वेढा मागे लोटला, एकदा, दोनदा, आणि गाठ उघडली. इतकी सफाई मी दाजींच्या हातात बघितली होती, तिच्या हातात पहिल्यांदा बघितली. तिने दोरी काढून माझ्या हातात दिली. मी फास टाकला. म्हणजे दोरीतच एक वेटोळं करायचं, टोक कडीतून नेऊन त्या वेटोळ्यातून परत ओढायचं, म्हणजे एका माणसाच्या ओढीला दोघांची ताकद येते. शॉकअप अर्धे खाली गेले. शेवटी मुरड घातली. दुसरी बाजूही तशीच. ती सोडायची, मी बांधायचो. लहानपणी शेतात चाऱ्याचे भारे बांधायचो तेव्हा असंच बांधायचो.

"कोणी विचारलं तर सांग," ती जाताना म्हणाली, "अक्कानी सोडी."

मी जीपमध्ये बसलो. आरशात बघितलं, तर ट्रेलर दिसेना. आरसा फिरलेला होता. दाजींच्या बाजूला फिरलेला. मला त्यात नुसती रस्त्याची कड दिसत होती, ट्रेलर दिसत होता तो दाजींना.

दाजी समोर बघत होते. विडी विझली होती, तरी तोंडात होती.

मला बोलायचं होतं. लपवत नाही, मला फार बोलायचं होतं. जिभेवर आलं होतं की बघा दाजी, चलथाणसुद्धा नीट काढलं नाही तुमच्या गाठीने. मी जन्मात असली संधी सोडलेली नाही. गॅरेजात सोडली नाही, पंचायतीत सोडली नाही. पण मागून अक्काने माझ्या सीटच्या पाठीवर हात ठेवला होता. मला लागत नव्हता, नुसता ठेवला होता. मी गिअर टाकला.

"निघायचं का?" मी विचारलं.

"निघ," दाजी म्हणाले.

सोनगड मागे पडलं. नवापूरला त्यांनीच जीप थांबवायला लावली, भजी आणली, पहिला कागद माझ्या मांडीवर ठेवला. भजी खाताना एवढंच म्हणाले, "आता पळव थोडी. बैल थकले नाहीत अजून."

गावाच्या फाट्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मी उतरून दोऱ्यांकडे जायच्या आधी दाजी ट्रेलरवर चढले. पुढची डावी दोरी त्यांनी नीट बघितली. बोट फासावरून फिरवलं. मग टोक ओढलं. एका ओढीत सगळं मोकळं झालं, गाडीचं तोंड वर आलं, आणि दाजी दचकून मागे सरकले.

"एवढी सहज सुटते?"

"सोडायला सोपीच पाहिजे दाजी. पावसात, एकट्याने सोडायची असते."

"मग रस्त्यात कशी नाही सुटली?"

"ताण आहे तोवर नाही सुटत."

त्यांनी दोरी कोपरावर गुंडाळायला घेतली, सुताची लड करतात तशी. गुंडाळून माझ्या हातात दिली. खाली बघत म्हणाले, "माझी चलथाणपर्यंत आली होती."

"आली होती," मी म्हटलं. "खोटं कशाला बोलू? नायलॉनवर ती एवढीसुद्धा येत नाही कोणाची."

हे खरं होतं. मी कोणाचं खोटं कौतुक करत नाही, पाव्हण्याचं तर नाहीच.

पुढचं गावात अजून सांगतात. दाजींनी किक मारली, गाडी सुरू झाली नाही. पुन्हा मारली. पाचव्या-सहाव्या किकला मी म्हटलं, पेट्रोलचा कॉक मी बंद ठेवतो. ते म्हणाले, आधी सांगायला काय झालं होतं? गाडी सुरू झाली. अक्का डोक्यावर पदर घेऊन मागे बसली, एका हाताने दाजींचा सदरा धरून. पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीच्या वर लोंबकळत ठेवून दाजी गावात शिरले. कुत्री मागे, माझी जीप त्यांच्या मागे, आणि चालत जाणारा एक म्हातारा आम्हा सगळ्यांना गाठून पुढे गेला.

आमच्या दारात आई उभी होती. दाजींनी गाडी थांबवली, पण उतरेनात. इंजिन चालू. अक्काही उतरेना, नवरा उतरल्याशिवाय ती कशी उतरणार? ओट्यावर सगळे उभे, कोणाला काही समजेना. मला समजलं. मी धाकट्या भावाकडे बघितलं, त्यालाही समजलं. तो आत धावला, आणि नवी टोपी आणि टॉवेल घेऊन आला. सुरतेहून मी त्याला आधीच निरोप पाठवला होता, आणून ठेव म्हणून. त्याने टॉवेल दाजींच्या खांद्यावर ठेवला, टोपी डोक्यावर ठेवली, वाकून पाया पडला.

दाजींनी इंजिन बंद केलं. एवढ्या शांततेत मी आमचं घर कधी ऐकलं नव्हतं. आईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, अक्काच्या पायांवर पाणी घातलं, आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसती उभी राहिली. बोलली काहीच नाही. वर्षानुवर्षं माझ्याजवळ बोलत आली होती, सगळं संपलं असेल.

आता दाजी नाहीत. त्यांची गाठ शिकायची राहून गेली याचं मला वाईट वाटतं, कधी तरी शिकवा म्हणायला पाहिजे होतं. माझीही आता कोणाला नको आहे. पट्टे आले आहेत, खटका दाबून कडकड वाजवत आवळायचे. चांगले आहेत, मी वापरून बघितले. पण पट्ट्याने बांधणारा चलथाणला थांबत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

त्या रात्री दाजी ओट्यावर टोपी न काढताच झोपले. आखाजीला आमच्याकडे माहेरी आलेल्या लेकींसाठी झाडाला झोका बांधतात, आणि तो भावाने बांधायचा असतो. अक्काचा झोका मी शेवटचा कधी बांधला ते मला आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाया उठायच्या आधी, मी ट्रेलरवरच्या दोऱ्या खांद्यावर घेतल्या आणि दारासमोरच्या कडुनिंबावर चढलो. एक दोरी बांधून झाली तेव्हा खालून आवाज आला. दाजी उभे होते, टोपी घालून.

"दुसरी मी बांधू का?"

"नाही," मी म्हटलं.

ते हसले आणि खाली बसले. मी दुसरी दोरी फांदीवरून टाकली.